वारणेचा संगणक आणि वीरमपट्टिणमचा कर्णा

ज्याच्या शेतात ऊस उभा आहे त्याचे वर्षभराचे प्राक्तन कागदाच्या चार चिटोऱ्यांवर लिहिलेले असते, ही गोष्ट ऊसपट्ट्याबाहेरील वाचकास कदाचित ठाऊक नसेल. लावणीची तारीख, वाण आणि क्षेत्र यांची कारखान्याच्या दप्तरी पडलेली नोंद. त्या नोंदीच्या क्रमाने निघणारे तोडणीपत्र. गाडी काट्यावरून उतरल्यावर हाती येणारी वजनाची पावती. आणि खते, बियाणे, उचल यांची वजावट होऊन अखेरीस निघणारे बिल. यांपैकी पहिल्याच कागदात गफलत झाली की पुढील तिहींचा विस्कोट होतो. नोंद उशिराच्या तारखेस पडली तर पाळी लांबते, पाळी लांबली तर उसास तुरा येतो, वजन घटते, आणि मग चिटबॉयची, म्हणजे उसाच्या नोंदी पाहणाऱ्या कारखान्याच्या माणसाची, मनधरणी करीत कारखान्याच्या शेती कचेरीत हेलपाटे घालण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

या हेलपाट्यांवर इलाज म्हणून १९९८ साली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांच्या सरहद्दीवरील वारणाकाठच्या सुमारे सत्तर गावांत संगणक आणण्याची तजवीज झाली. खर्चाचा निम्मा भार केंद्र सरकारने, त्याहून किंचित कमी महाराष्ट्र शासनाने आणि उरलेला दशांश वारणेच्या संस्थांनी उचलला. यंत्रणेची आखणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राकडे सोपविण्यात आली. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात माळरानावर साखर कारखाना उभारून ज्या परिसराचा कायापालट केला, जेथे पुढे दूध संघ, बाजार, शाळा-महाविद्यालये अशी सहकाराची वीण घट्ट होत गेली, तेथेच हा प्रयोग व्हावा यात नवल नव्हते. योजनाकर्त्यांचे मनोरथ मात्र उसापुरते मर्यादित नव्हते. जमिनीचे दाखले, बाजारभाव, पिकांविषयी मराठीतील सल्ला, रोजगाराच्या सरकारी योजना, शिक्षण हे सारे गावातल्या केंद्रातून, एका पडद्यावर, खातेदाराच्या पुढ्यात यावे अशी ती कल्पना होती.

प्रत्यक्षात काय घडले ते मोठे उद्बोधक आहे. उसाचा व्यवहार केंद्रांवर स्थिरावला: नोंद गावातच होऊ लागली, वजनाचा आकडा आणि बिलाचा हिशेब गावातच पाहावयास मिळू लागला, आणि ज्या कामासाठी एक दिवसाची मजुरी बुडत असे ते पायाखालच्या वाटेवर उरकू लागले. परंतु बाकीचे मनोरथ बव्हंशी कागदावरच राहिले. काही वर्षांनी बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च संस्थेतील संशोधकांनी या केंद्रांची पाहणी केली, तेव्हा असे दिसून आले की संगणक हे महाग आणि नाजूक यंत्र येथे मुख्यतः गाव आणि कारखाना यांच्यामध्ये उसाचे आकडे पोहोचविण्याचेच काम करीत आहे. मग त्यासाठी संगणकच कशास हवा? त्यांनी सात गावांत आठ महिने एक साधा पर्याय चालवून पाहिला. गावातील केंद्रावर स्वस्तातला मोबाइल, कारखान्याकडे संगणकाला जोडलेला दुसरा फोन, आणि दोहोंमध्ये ये-जा करणारे लघुसंदेश. जुन्या व्यवस्थेत जे जे होत असे ते सर्व या लघुसंदेशांनी झाले, तेही कमी खर्चात, आणि शेतकऱ्यांना हीच पद्धत अधिक पसंत पडली.

या हकिकतीतून संगणक व्यर्थ ठरला असा निष्कर्ष काढणारे विद्वान मला भेटले आहेत, आणि मोबाइलने क्रांती केली असे म्हणणारेही. दोघांच्याही ध्यानातून मधला कारखाना निसटतो. वारणेत यंत्र चालले ते ज्या कामी लावले त्याची निकड शेतकऱ्यास खरोखर होती म्हणून. त्या नोंदीमागे तोडणी करणारी टोळी, काटा, बिल देणारी बँक आणि, कितीही उणिवा असल्या तरी, सभासदांना जाब देण्यास बांधलेली संस्था उभी होती म्हणून. बाजारभाव पडद्यावर दाखविता येतो, पण ऊस एकाच कारखान्याला घालणाऱ्या सभासदाने त्या भावाचे करावे काय? त्या पाहणीत सहभागी असलेले केंतारो तोयामा यांनी पुढे २०१५ साली एक ग्रंथच लिहून असे प्रतिपादन केले की तंत्रसाधन माणसांचा मूळचा हेतू आणि कुवत यांना गुणते, त्यांची उणीव भरून काढीत नाही. मला हे मत पटते, कारण शून्यास कशानेही गुणले तरी काय येते हे आपल्याकडील पाढे पाठ केलेल्या कोणत्याही पोराला ठाऊक असते.

त्याच १९९८ साली पुदुच्चेरीच्या आसपासच्या खेड्यांत डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या प्रतिष्ठानाने दुसरा प्रयोग आरंभिला होता. विल्लियनूर येथे मुख्य केंद्र, तेथून बिनतारी यंत्रणेने गावोगाव जाणारी माहिती, आणि वीज बेभरवशाची म्हणून सौर फलकांची जोड, अशी त्याची रचना होती. मला त्यातील तांत्रिक कौशल्यापेक्षा गावांना घातलेली अट अधिक महत्त्वाची वाटते. जागा गावाने द्यावी, चालविणारे स्वयंसेवक गावाने निवडावेत, आणि त्या जागेचे दार दलितांसह सर्वांना खुले असावे. पुष्कळ ठिकाणी हे काम स्त्रियांनी सांभाळले. वीरमपट्टिणम या कोळ्यांच्या गावात अमेरिकन नौदलाच्या संकेतस्थळावरून दुसऱ्या दिवशीच्या लाटांच्या उंचीचा अंदाज उतरवून घेतला जाई आणि तो किनाऱ्यावर कर्ण्यातून तमिळमध्ये मोठ्याने सांगितला जाई. समुद्रात जायचे की नाही हे ठरवू पाहणाऱ्या निरक्षर नाविकास पडदा, कळफलक, संकेतस्थळ यांपैकी कशाचीही ओळख असण्याचे कारण उरले नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा त्याच परिसरातील नल्लवाडू गावच्या एका तरुणाने सिंगापूरहून फोन करून घरच्यांना सावध केले. गावकऱ्यांनी माहिती केंद्राचे बंद दार फोडले आणि कर्ण्यावरून इशारा दिला. घरे-होड्यांची धूळधाण झाली. पण सुमारे ३,६०० वस्तीच्या त्या गावातील एकही माणूस दगावला नाही.

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात २००० साली सुरू झालेल्या 'ज्ञानदूत' या संगणक-केंद्रांच्या योजनेची कथा याच्या उलट आहे. तिला त्याच वर्षी स्टॉकहोमचा मानाचा पुरस्कार मिळाला, देशोदेशीचे पाहुणे आले; परंतु वीज व दूरध्वनीच्या तारा यांचा भरवसा नव्हता, अर्जावर पुढे हुकूम करणारी कचेरी होती तशीच राहिली, आणि सूचनालये म्हटल्या जाणाऱ्या तिच्या केंद्रांतील वर्दळ पुढे ओसरली.

आज सातबारा मोबाइलवर उतरतो, २०२१पासून पीक पाहणीची नोंद शेतकरी स्वतःच फोनवर करतो, आणि दाखल्यांसाठी गावात 'आपले सरकार' सेवा केंद्र असते. मामलेदार कचेरीच्या ओसरीवर जन्म काढलेल्या पिढीला हे इंद्रजाल वाटेल. तरीही ज्या म्हातारीच्या बोटांच्या रेषा कष्टाने झिजल्या आहेत तिचा ठसा शिधावाटपाच्या यंत्रात उमटत नाही, तेव्हा तिने कोणाकडे जावे याचे उत्तर यंत्रात सापडत नाही. आणि ज्या घरात स्मार्टफोन एकच आहे तेथे तो प्रायः पुरुषाच्या खिशात असतो. जुन्या चिटबॉयची जागा कित्येक ठिकाणी केंद्रचालकाने घेतली आहे, इतकेच. तो सज्जन असेल तर लोकांचे भाग्य, नसेल तर हेलपाटे तेच.

म्हणून ग्रामसभेस जाणाऱ्या वाचकांस माझी विनंती एवढीच आहे. गावात नवे यंत्र, नवे केंद्र वा नवे ॲप येईल तेव्हा फीत कापण्यापूर्वी चार प्रश्न विचारून त्यांची उत्तरे कार्यवृत्तात लिहून घ्यावीत: किल्ली कोणाकडे राहणार, दार कोणत्या आळीत उघडणार, विजेचे बिल तिसऱ्या वर्षी कोण भरणार, आणि नोंद चुकली तर ती किती दिवसांत व कोणाच्या सहीने दुरुस्त होणार.