बिअर, कार्यक्षमता आणि एका आकड्याचं तर्कशास्त्र

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक बिअर गाळण्यावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटणं साहजिक आहे. एक गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं हा गुन्हा आहे. ब्रिटन-अमेरिकेत तो कायद्याने मान्य असलेला छंद आहे, आणि मी बोलतोय ते तिथल्या छंदाबद्दल. त्यात ‘कार्यक्षमता’ नावाचा एक आकडा आहे. त्याचं काय करायचं, हा खरा तर्काचा प्रश्न आहे.

आधी प्रक्रिया पाहू. सातूला मोड आणून तो वाळवला की माल्ट होतं. ते भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. याला मॅश म्हणतात. माल्टमधलीच विकरं म्हणजे एन्झाइम्स पिष्टाची साखर करतात. मग गोड पाणी खालून काढून घेतात. हे वर्ट. उरलेला चोथा गरम पाण्याने धुतात, म्हणजे अडकलेली साखरही हाती लागते.

आता आकडा. एक किलो चांगल्या माल्टमधून जास्तीत जास्त सुमारे ३०० गुण मिळू शकतात असं धरा. गुण म्हणजे हायड्रोमीटरवर १ च्या पुढे दिसणारी घनता गुणिले लिटर. पाच किलोचे झाले १५००. तुमच्याकडे २३ लिटर वर्ट आलं आणि घनता १.०४८ भरली, तर ४८ गुणिले २३ म्हणजे ११०४. कार्यक्षमता सुमारे ७४ टक्के.

मग २६ टक्के गेले कुठे? इथे लोक घाई करतात. ते पंप विकत घेतात आणि वर्ट खालून काढून पुन्हा वरून चोथ्यावर सोडत राहतात. या फिरवण्याचे दोन फायदे खरे आहेत. एक, सातूची टरफलं गाळणीसारखी बसतात आणि गढूळ वर्ट नितळ होतं. जर्मन लोक याला फोरलाउफ म्हणतात. त्यासाठी पंप लागत नाही, एक मोठा मग आणि दहा-पंधरा मिनिटं पुरतात. दोन, वाटेत हलकी उष्णता दिली तर तापमान सगळीकडे सारखं राहतं.

पण साखर होऊन गेल्यावर ती चोथ्यातून बाहेर काढायला याचा उपयोग जवळजवळ नाही. विचार करा ना, साखरेच्या पाकात बुडालेलं फडकं त्याच पाकात कितीही वेळा पिळलं तरी ते धुतलं जाईल का? त्याला नवं पाणीच हवं. शिवाय पंप जोरात चालवला तर चोथा दाबला जातो आणि प्रवाहच बंद पडतो.

म्हणजे ‘कार्यक्षमता कमी आहे’ हे एक विधान दोन वेगळे प्रश्न झाकतं. साखर झालीच नाही, की झाली पण बाहेर आली नाही? हे वेगळं करता येतं. किलोला तीन लिटर पाणी घेतलं असेल, तर मॅश ढवळून, धुण्याआधी नमुना घ्या आणि थंड करून मोजा. घनता १.०८५ च्या आसपास असेल तर साखर झालेली आहे. नुकसान धुण्यात आहे. चोथा किलोमागे जवळपास लिटरभर वर्ट धरून ठेवतो, हे विसरू नका. आकडा बराच कमी असेल तर भरड जाडी आहे का, तापमान चुकलं का, पाण्याची आम्लता ठीक आहे का, हे बघा. मॅशचा पीएच ५.२ ते ५.६ हवा. पंप आणून भरडीचा दोष जात नाही.

आकडा माणसाला कुठे नेतो, याचा इतिहासही आहे. हल शहरातल्या जॉन रिचर्डसनने १७८४ साली सॅकरोमीटरने मोजमाप करण्यावर पुस्तक लिहिलं. तपकिरी माल्ट स्वस्त दिसतं पण साखर कमी देतं, हे ब्रूअरांच्या ध्यानात आलं. ते फिकट माल्टकडे वळले, आणि पोर्टरचा काळा रंग मग दुसरीकडून आणावा लागला. १८१७ मध्ये डॅनियल व्हीलरने काळं भाजलेल्या माल्टचं पेटंट घेतलं. काटकसर मोजायला आणलेल्या उपकरणाने पेयच बदललं!

कारखान्याला एक टक्काही महत्त्वाचा. घरी पाच टक्के म्हणजे पाव-अर्धा किलो माल्ट. त्यासाठी चोथा धूत बसलात, तर शेवटच्या पातळ पाण्यात पीएच चढतो, टरफलातलं टॅनिन उतरतं आणि तोंडाला तुरटपणा येतो. म्हणून घरच्या माणसाने ८५ चा हट्ट धरण्यापेक्षा दर वेळी तेच ७२ मिळवावेत. आकडा स्थिर असला की कृती आधी ठरवता येते, आणि बिघडलं तर कुठे बिघडलं ते शोधता येतं.

आता प्रश्न असतील तर विचारा. भरडीपासून सुरुवात करू.