बीव्हरच्या मागावर – लेखांक 4 : गुडघाभर पाण्यातला धंदा

बीव्हरच्या आतल्या मऊ लवेपासून युरोपातल्या साहेबांच्या टोप्या कशा बनत, ते मागच्या लेखात पाहिलं. आता ते कातडं आणणाऱ्याकडे वळू. सिनेमानं त्याच्या हाती बंदूक दिली आणि बुडाखाली घोडा. प्रत्यक्षात त्याचा रोजगार बर्फगार ओढ्यात उभं राहण्याचा.

काठानं गेलं तर माणसाचा वास राहतो, म्हणून तो पाण्यातूनच चालायचा. वीतभर पाण्यात लोखंडी सापळा लावायचा आणि साखळी खोल पाण्याकडे नेऊन खुंट्याला अडकवायची. वर एक काडी, तिच्या टोकाला बीव्हरच्याच ग्रंथीतला उग्र द्रव. आपल्या हद्दीत हा परका कोण शिरला, म्हणून बीव्हर हुंगायला यायचा, पाय अडकायचा. घाबरून खोल पाण्याकडे झेपावला की सापळ्याच्या वजनानं बुडायचा. मग कातडं सोला, चरबी खरवडा, फांदीच्या गोल कड्यावर ताणून वाळवा. पाण्यात भिजून भिजून सांधे आखडायचे, ते वेगळंच.

जेडेडाया स्मिथ याच धंद्यातला. 1822 साली सेंट लुईसमध्ये विल्यम अ‍ॅशलीनं शंभर तरुण हवेत अशी जाहिरात दिली आणि तेवीस वर्षांचा स्मिथ भरती झाला. दुसऱ्याच वर्षी अस्वलानं त्याचं डोकं जबड्यात धरलं. टाळू सोलली, कान लोंबकळला. सोबत्यांना काही सुचेना. तेव्हा जखमी स्मिथनंच फर्मावलं, एकदोघे पाणी आणा, सुईदोरा काढा आणि शिवा! जिम क्लायमननं टाके घातले, पण कानापुढे हात टेकले. स्मिथ म्हणाला, जमेल तसा शिव. पुढे जन्मभर त्यानं केस लांब ठेवले, व्रण झाकायला.

1824 मध्ये ही मंडळी साउथ पासमधून रॉकी पर्वत ओलांडून गेली. याला ‘शोध’ म्हणतात, पण वाट सांगितली क्रो लोकांनी. क्लायमननं गव्याच्या कातड्यावर वाळूचे ढीग रचून डोंगर मांडले आणि त्यावरून वाट समजून घेतली. मला विचाराल तर त्या प्रवासातलं सर्वांत मोलाचं काम ते.

1827 च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियातून परतताना स्मिथ दोन सोबत्यांसह वाळवंटात सापडला. रॉबर्ट इव्हान्स तहानेनं कोसळला. त्याला झाडाखाली ठेवून दोघं पुढे गेले, काही मैलांवर पाणी लागलं. स्मिथ लहानशी किटली भरून मागे आला. इव्हान्सनं ती रिकामी केली आणि अजून का नाही आणलं म्हणून विचारलं! 3 जुलैला तिघं बेअर लेकच्या तळावर पोचले. त्यांची आशा सोडून बसलेल्या लोकांनी तोफ उडवली.

1830 मध्ये त्यानं धंद्यातला वाटा विकला आणि सांता फेच्या व्यापारात उतरला. 27 मे 1831 रोजी, तांडा तहानलेला असताना, सिमरॉन नदीकडे पाणी शोधायला तो एकटाच पुढे गेला. तिथं कोमांची लोकांनी त्याला मारलं. प्रेत सापडलं नाही. तांड्याबरोबर आलेल्या त्याच्या भावांच्या हाती पुढे सांता फेत त्याची बंदूक आणि पिस्तुलं आली. ती मेक्सिकन व्यापाऱ्यांनी कोमांचींकडून घेतली होती.

(पुढील आठवड्यात : रेशमी टोपी आली आणि सापळे गंजले)