शेतमालाचा ट्रक भरण्यापूर्वी टायर पाहा: चीर आणि खाच यांतील फरक

हिमाचल प्रदेशातील सफरचंदाच्या हंगामाचा मोठा भाग ऐन पावसाळ्यात येतो. काश्मीरमध्ये तर २०१८ आणि २०१९ या दोन्ही वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच, सफरचंदाची वाहतूक सुरू असताना, बर्फ पडला. पेट्यांनी भरलेला ट्रक अशा वेळी घाट उतरतो, तेव्हा बागायतदाराचे वर्षभराचे उत्पन्न आणि चालकाचा जीव टायरच्या पकडीवर अवलंबून असतो. भर पावसात माळशेज घाट उतरणाऱ्या भाजीपाल्याच्या वाहनांनाही हेच लागू आहे.

सायपिंग म्हणजे काय?

टायरच्या नक्षीतील रबरी ठोकळ्यांवर पात्याने आडव्या, अतिशय बारीक चिरा देण्याच्या पद्धतीस सायपिंग म्हणतात. अमेरिकेतील जॉन सायप यांच्या नावावरून हा शब्द रूढ झाला. त्यांनी १९२० च्या दशकात या पद्धतीचे पेटंट घेतले. ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून त्यांनी प्रथम स्वतःच्या बुटांच्या तळव्यांना चिरा दिल्या, असे सांगितले जाते.

या पद्धतीत रबर काढून टाकले जात नाही. ठोकळा रस्त्यावर टेकून किंचित वाकला की चिरा उघडतात. त्यांच्या कडा पाण्याचा पातळ थर तोडतात आणि दाबलेल्या बर्फात रुततात.

तथापि याला मर्यादा आहेत. साचलेले पाणी बाहेर फेकण्याचे काम मुख्य खोल खाचांचेच असते. चिरा ते करू शकत नाहीत. चिरांमुळे ठोकळे लवचिक होत असल्याने कोरड्या रस्त्यावर टायरचा ताठपणा घटतो, तर खडीच्या रस्त्यावर रबराचे तुकडे निघू शकतात. ज्या टायरमध्ये कारखान्यातच पुरेशा चिरा दिलेल्या असतात, त्यास नव्याने चिरा देऊन फारसा लाभ होत नाही.

घातक गैरसमज

रस्त्याकडेच्या काही दुकानांत गुळगुळीत झालेल्या टायरवर तापलेल्या पात्याने नव्या खाचा पाडून दिल्या जातात. हे सायपिंग नव्हे. यात रबर कोरून काढले जाते आणि आतील पोलादी तारांवरचा संरक्षक थर पातळ होतो. तेथून ओल शिरली की तारा गंजतात, टायर रिट्रेडिंगच्या लायक राहत नाही आणि भाराखाली फुटण्याचा धोका वाढतो. अशी कोरणी केवळ त्यासाठी जादा रबर ठेवून बनवलेल्या व बाजूवर ‘रिग्रूव्हेबल’ असे छापलेल्या टायरवरच, तीही उत्पादकाच्या सूचनेनुसार करावी.

काय करावे?

- खाचांच्या तळाशी असलेले झीजदर्शक उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले की टायर बदलावा. ट्रकसाठी कायद्याने किमान १.६ मिलिमीटर खोली आवश्यक आहे; पावसाळी घाटासाठी एवढ्यावर विसंबू नये.
- नवे टायर घेताना चिरा असलेली नक्षी निवडावी. झिजत जाऊन चिरा नाहीशा झाल्यास, खाच शिल्लक दिसली तरी ओली पकड कमी झालेली असते.
- सायपिंग करावयाचे झाल्यास ते भरपूर नक्षी शिल्लक असलेल्या टायरवर, यंत्राने व प्रशिक्षित कारागिराकडूनच करावे. चीर मुख्य खाचेच्या तळापर्यंत जाऊ देऊ नये. हमी टिकते का, हे उत्पादकास आधी विचारावे.
- हवेचा दाब टायर थंड असताना तपासावा. जोडचाकांतील दोन्ही टायरची झीज सारखी असावी.
- बर्फाळ रस्त्यावर चिरा या साखळ्यांना पर्याय नाहीत. इंजिनाची गती मिळणाऱ्या चाकांना साखळ्या बसवाव्यात व त्या बसवण्याचा सराव सपाट जागेत आधीच करावा.

शेतकऱ्याच्या हाती काय?

बहुतेक शेतकऱ्यांचा स्वतःचा ट्रक नसतो. तो भाड्याने घेतला जातो. भाड्याची घासाघीस तासभर चालते, टायरकडे मात्र क्वचितच कोणी वाकून पाहते. माल चढवण्यापूर्वी जोडचाकांच्या आतील टायरसह सर्व टायर तपासावेत आणि कोरलेला अथवा तारा दिसणारा टायर आढळल्यास तो ट्रक नाकारावा. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी वाहतुकीच्या करारातच टायरच्या स्थितीची अट घालावी. विस्तार कार्यकर्त्यांनी काढणीपश्चात प्रशिक्षणात प्रतवारी व पॅकिंगसोबत या तपासणीसाठीही दहा मिनिटे राखून ठेवावीत.