तुरुंगाचे अभ्यागत : नेमतं कोण, बघतं कोण?

तुरुंग अधीक्षकाच्या कचेरीत एक वही असते, अभ्यागतांची. १८९४च्या तुरुंग कायद्यापासून ती चालत आली आहे. डाळीत पाणीच जास्त, बराकीतला पंखा बंद, डॉक्टर आठवडाभर फिरकलेले नाहीत, असं जे दिसेल ते अभ्यागत मंडळाच्या सदस्यांनी तिच्यात लिहायचं असतं. पण हे सदस्य येतात कुठून? इथूनच गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : तुरुंग खातं आपल्या मर्जीतली माणसं नेमतं.
वस्तुस्थिती : मंडळ नेमतं राज्य सरकार, तेही अधिसूचना काढून. तुरुंग हा राज्यसूचीतला विषय आहे आणि अभ्यागतांच्या नेमणुकीचे नियम करणं १८९४च्या कायद्याने राज्यांवरच सोपवलं. केंद्राची २०१६ची आदर्श तुरुंग नियमावली हा फक्त नमुना आहे, त्यामुळे तपशील राज्यागणिक बदलतात. मात्र या नियमावलीनुसार मंडळं स्थापन करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१७मध्ये सर्व राज्यांना दिला.

गैरसमज : मंडळ म्हणजे साहेबलोकांचाच कारभार.
वस्तुस्थिती : आदर्श नियमावलीत जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरोग्य, बांधकाम, शिक्षण, समाजकल्याण अशा खात्यांचे अधिकारी सदस्य असतात. त्यांच्या जोडीला अशासकीय सदस्य हवेतच : तीन आमदार, त्यांतली एक महिला, राज्य महिला आयोग आणि मानवी हक्क आयोगाचे प्रतिनिधी, आणि दोन समाजसेवक, त्यांतही एक महिला.

गैरसमज : एकदा मंडळ नेमलं की काम झालं.
वस्तुस्थिती : खरी मेख इथेच आहे. अधिकारी पदामुळे सदस्य होतात. जिल्हाधिकारी बदलून गेले तरी नवे येतात, खुर्ची भरलेली राहते. अशासकीय सदस्याची नेमणूक नावानिशी होते, साधारणपणे दोन वर्षांसाठी. मुदत संपली आणि नवी अधिसूचना निघाली नाही, तर ती खुर्ची रिकामी. मग मंडळ कागदोपत्री असतं, पण सरकारी यंत्रणेबाहेरची नजर त्यातून निघून गेलेली असते.

गैरसमज : मंडळ कैद्यांना सोडवू शकतं.
वस्तुस्थिती : नाही. खटला चालू असलेल्या कैद्यांपैकी सुटकेस पात्र कोण, हे पाहायला वेगळी आढावा समिती आहे. अभ्यागत तुरुंगातल्या शिपायालाही हुकूम देऊ शकत नाही. त्याने पाहायचं, कैद्यांशी बोलायचं आणि लिहायचं. तो शेरा अधीक्षकाच्या खुलाशासह वरिष्ठांकडे जातो.

गैरसमज : मग नुसतं लिहून काय होणार?
वस्तुस्थिती : तुरुंगातला जातिभेद मोडून काढणारा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिला, तो पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर. झाडू कुणाच्या हाती आणि स्वयंपाक कुणाकडे, हे जातीवरून ठरणं थांबलं की नाही, याची तपासणी न्यायालयाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ यांच्यावरच एकत्रितपणे सोपवली.

तुमच्या जिल्ह्यातल्या मंडळाची शेवटची अधिसूचना कधी निघाली, अशासकीय सदस्य कोण आणि त्यांची मुदत कधी संपते, हे माहिती अधिकाराच्या एका अर्जात विचारता येतं. अर्ज करायला तुरुंगाची पायरी चढावी लागत नाही.