नोकरी सांभाळून रग्बी

इंग्लंडमधल्या क्लब रग्बी युनियनमध्ये ‘नॅशनल लीग वन’ ही वरून तिसरी श्रेणी. सर्वांत वर प्रीमियरशिप, तिच्याखाली चॅम्पियनशिप आणि त्यानंतर ही. प्रीमियरशिपच्या खेळाडूंचा रग्बी हाच पूर्णवेळ व्यवसाय असतो. नॅशनल लीग वनमधल्या बहुतेकांचे पोट मात्र दुसऱ्या कामावर भरते. क्लबकडून थोडेफार मानधन मिळते, पण त्यावर घर चालत नाही. दिवसभराची नोकरी आटोपून आठवड्यातल्या दोनेक संध्याकाळी सराव करायचा आणि शनिवारी सामना खेळायचा, असा हा अर्धव्यावसायिक खेळाडूंचा आठवडा.

आज साधी वाटणारी ही तडजोड इंग्लंडच्या रग्बीने शंभर वर्षे नाकारली. १८७१ मध्ये लंडनमध्ये रग्बी फुटबॉल युनियन स्थापन झाली, ती खेळासाठी पैसे घेणे कमीपणाचे मानणाऱ्या सुखवस्तू वर्गाच्या पुढाकाराने. यॉर्कशायर आणि लँकशायरमध्ये हाच खेळ खाणकामगार आणि गिरणीकामगार खेळत. शनिवारी सामन्याला गेले की त्यांची मजुरी बुडे. तेवढी भरपाई तरी द्यावी, ही उत्तरेच्या क्लबांची मागणी १८९३ मध्ये फेटाळली गेली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसहून अधिक क्लब एकत्र आले आणि त्यांनी वेगळी संघटना काढली. त्यातूनच पुढे तेरा खेळाडूंची ‘रग्बी लीग’ घडली. पंधरा खेळाडूंच्या ‘युनियन’ने पैशांवरची बंदी उठवली ती थेट ऑगस्ट १९९५ मध्ये. ज्या किरकोळ भरपाईपायी खेळ दुभंगला, तशाच किरकोळ मोबदल्यावर आज हडर्सफील्डच्या दक्षिणेलाही संघ उभे राहतात. १८९३ चा तो नकार अन्यायाचा होता, हे यावरून स्पष्ट दिसते.

२०२२ च्या फेररचनेनंतर नॅशनल लीग वनमध्ये चौदा क्लब आले. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा घरच्या मैदानावर आणि एकदा बाहेर खेळायचे, म्हणजे सप्टेंबर ते एप्रिलमध्ये २६ सामने. त्या रचनेत पहिला आलेला संघ चॅम्पियनशिपमध्ये चढे. तळाचे तीन संघ नॅशनल लीग टूमध्ये उतरत आणि तिच्या तीन विभागांचे विजेते त्यांच्या जागी येत.

गुणपद्धत समजली की हंगामातली खरी चुरस कळते. विजयाला चार गुण, बरोबरीला दोन. सामन्यात चार किंवा अधिक ट्राय केल्यास एक जादा गुण, आणि सात किंवा त्याहून कमी फरकाने हरल्यासही एक. प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे म्हणजे ट्राय. त्याचे पाच गुण मिळतात आणि त्यानंतरची किक साधली तर आणखी दोन. म्हणून चार ट्राय आणि चारही किक साधूनही २८-३१ असा हरलेला संघ तक्त्यात दोन गुण घेऊनच घरी परततो. सामना हातचा गेल्यावरही शेवटच्या मिनिटापर्यंत संघ झुंजत राहतात ते यामुळे. एप्रिलमध्ये कोण वर जाणार आणि कोण खाली, हे अनेकदा नोव्हेंबरच्या चिखलात मिळवलेल्या अशा एकेका गुणावर ठरते.

हिवाळा हा या हंगामाचा सर्वांत खडतर भाग. मैदान गोठले की सामना पुढे ढकलावा लागतो. प्रवासही लहान नाही: प्लिमथ आल्बियनचे गाव नैर्ऋत्य किनाऱ्यावर, तर डार्लिंग्टन मोडन पार्कचे ईशान्येला. हे दोन्ही क्लब या श्रेणीत होते तेव्हा एका सामन्यासाठी सुमारे ६०० किलोमीटर जायचे आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हायचे, असा क्रम असे. त्यात दुखापतींची भर. स्क्रम म्हणजे चेंडूसाठी दोन्ही संघांच्या खेळाडूंनी एकमेकांना भिडून केलेली रेटारेटी; तिच्यातल्या पहिल्या फळीच्या तीन जागा खास प्रशिक्षित खेळाडूंच्याच. ते कमी पडले तर रेटारेटीविनाच स्क्रम घ्यावा लागतो आणि स्क्रमवर भिस्त असलेल्या संघाचे मोठे बळ जाते. त्यामुळे पहिले पंधरा कितीही तगडे असले तरी, बदली खेळाडूंची फळी भक्कम नसलेला क्लब फेब्रुवारीनंतर टिकणे अवघड. प्रीमियरशिप क्लबांचे तरुण खेळाडू तात्पुरते इथे येऊन खेळतात, त्यांचा अशा वेळी आधार होतो.

केम्ब्रिजने २०२३ मध्ये, ऑक्सफर्डशायरमधल्या चिनरने २०२४ मध्ये आणि रिचमंडने २०२५ मध्ये ही श्रेणी जिंकली. यातल्या रिचमंडची वाटचाल विशेष आहे. १८६१ मध्ये स्थापन झालेला हा क्लब १८७१ च्या युनियनच्या संस्थापकांपैकी एक. बंदी उठताच एका धनिकाच्या पैशावर त्याने नामवंत खेळाडू घेतले, १९९७ मध्ये तो सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि १९९९ मध्ये गुंतवणूक आटताच कोसळला. व्यावसायिक संघ कागदोपत्री लंडन आयरिशमध्ये विलीन झाला. उरलेल्या सदस्यांनी हौशी संघ उभा करून अगदी खालच्या स्थानिक लीगमधून पुन्हा सुरुवात केली. २०१६ मध्ये क्लब चॅम्पियनशिपमध्ये पोहोचला, तोही नोकरी करणाऱ्या खेळाडूंसह. नंतर त्याची दोनदा घसरण झाली. पैकी २०२३ च्या घसरणीतून तो दोन वर्षांत वर आला.