परीक्षकाची दक्षिणा

परीक्षार्थ्यानेंच आपला परीक्षक निवडावा आणि त्याची दक्षिणाहि स्वहस्तें द्यावी, अशी व्यवस्था शाळेंत असती तर नापास कोण झाला असता? वाचकांस हा प्रश्न थट्टेचा वाटेल. परंतु कारखान्यांच्या तपासणींत पुष्कळ ठिकाणीं हीच रीत रूढ आहे.

गुजरातचें उदाहरण घ्या. तेथील उच्च न्यायालयानें १९९६ सालीं कारखान्यांचें प्रदूषण तिऱ्हाइतांकडून तपासून घेण्याची पद्धत घालून दिली. तपासनीस निवडी कारखानदार, आणि मेहनताना देई तोहि कारखानदारच! खरें लिहावें तर पुढील काम जाणार, ही तपासनिसाची अडचण उघड होती. २००९ सालीं कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं अहमदाबाद व सुरत येथें या पद्धतीची पारख आरंभिली. अहवालांप्रमाणें धुरांतील कणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने शेंकडा ७ होते. स्वतंत्र फेरतपासणींत ते ५९ निघाले. तोच धूर आसपासचीं मुलेंबाळें छातींत भरून घेत होतीं.

मग निम्म्या कारखान्यांपुरती रीत पालटली. तपासनीस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें नेमले, ठराविक वेतन सामाईक निधींतून दिलें, आणि त्यांच्या कामाचीहि फेरतपासणी ठेविली. खोटे अहवाल झपाट्यानें घटले; इतकेंच नव्हे, तर कारखान्यांनीं प्रदूषणहि कमी केलें.

तपासनीस तेच होते. पालटली ती रीत. म्हणून कोणत्याहि वस्तूवरील प्रमाणमुद्रा पाहतांना ती कोणीं उमटविली एवढेंच न पाहतां, तिचे दाम कोणीं मोजले, हेंहि सुज्ञांनीं विचारावें.