तलावांचा जिल्हा : भंडारा-गोंदियाची भूरचना



'भंडारा हा तलावांचा जिल्हा' हे वाक्य मुलं पटकन पाठ करतात. (१९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, म्हणून आता दोन्ही जिल्हे म्हणायचे.) पण एखाद्या मुलाने "सर, तलाव इथंच एवढे का?" असं विचारलं तर?

याचं उत्तर जमिनीत आहे. पश्चिम महाराष्ट्रात लाव्हारसाचा काळा बेसॉल्ट आहे. इथला खडक त्याहून कितीतरी जुना आणि कठीण. त्यात पाणी फारसं मुरत नाही. गायखुरी, दरेकसा, नवेगाव, चिचगड हे डोंगरही उंच नाहीत, तुटक तुटक आहेत. दोन टेकड्यांमध्ये खोलगट भाग असतो. तिथे मातीची पाळ घातली की झाला तलाव! म्हणजे खोलगा निसर्गाचा, पण तलाव माणसाचा. मुलांना हे जरूर सांगा, कारण बहुतेकांना तलाव आपोआप झालेत असंच वाटतं. नवेगावबांधचा तलाव असाच टेकड्यांच्या कुशीत आहे. तो कोहळी समाजाने बांधला असं परंपरा सांगते.

मग नदी नाही का? आहे की! वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून येते, पुढे वर्धेला मिळून प्राणहिता होते. वाघ, चुलबंद, गाढवी या तिच्या उपनद्या. पण नदी खाली वाहते आणि शेत वर असतं. पाऊस भरपूर, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. धान ओंबीवर येताना पावसाने दडी मारली की तलावाचं पाणीच पीक वाचवतं. लहान शेतकऱ्याची स्वतःची बोडी असते, तीही याचसाठी.

जुन्या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. मुलं हसतात! मामा म्हणजे माजी मालगुजारी. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. आज कित्येक तलाव गाळाने उथळ झालेत, काठाला बेशरम माजलीय. तलाव दिसायला तेवढाच, पण पाणी कमी मावतं. हा फरक नकाशात दिसत नाही.

वर्गात ट्रेमध्ये चिकणमातीच्या टेकड्या करा, मध्ये पाळ घाला आणि वरून पाणी ओता. सांडवा कुठे ठेवायचा ते आधी सांगू नका. पाळ फुटली की मुलं स्वतःच जागा शोधतात.